लिलावातून रोमन दिनारियस: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेले काही महिने मी लंडनमध्ये बसून ऑनलाइन लिलावांतून रोमन चांदीची नाणी, मुख्यतः दिनारियस, घेतोय. स्वस्तात मिळतात का? मिळतात, पण ज्युलियस सीझरची नाही. त्याच्यावर सगळ्यांचाच डोळा. सम्राट तिबेरिअसचा दिनारियस तर बायबलमधलं कराचं नाणं म्हणून ओळखला जातो, त्यामुळे एरवी नाण्यांकडे ढुंकून न बघणारेही बोली लावतात.

माझा भर सम्राट अँटोनायनस पायसच्या बायकोवर, फाउस्टिनावर. ती १४०च्या सुमारास वारली. नवऱ्याने तिला देवी ठरवून तिच्या नावाने इतकी नाणी पाडली की आजही लिलावात दोन-चार सहज दिसतात. चांदी बरी, कोरीवकाम सुरेख, गिऱ्हाईक कमी. माझ्याकडच्या नाण्यावर वेण्या गुंडाळून डोक्यावर अंबाडा बांधलाय. भिंगातून वेणीचे पेड दिसतात. वजन ३.३ ग्रॅम. कॅटलॉगच्या फोटोत ते काळंठिक्कर दिसत होतं, म्हणून बोली चढली नाही. हातात घेतल्यावर त्याच काळपटपणात निळसर झाक दिसली. घासून चकचकीत केलेल्या नाण्यापेक्षा हे कधीही बरं.

आता हिशोब. हातोडा ६० पौंडांवर पडला म्हणून बिल ६०चं येत नाही. बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन, २० टक्के, प्रीमियमवर व्हॅट, म्हणजे ७४ पौंड ४० पेन्स. वर टपाल. एका लिलावगृहाने एवढ्याशा नाण्याचा जो टपालखर्च लावला, त्यात मी दोन वेळा जेवलो असतो! म्हणून आता एकाच ठिकाणी दोन-तीन लॉट (लिलावातल्या वस्तू) घेतो.

सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसचे दिनारियस आणखी स्वस्त, पण त्याने चांदी जवळपास निम्म्यावर आणली होती. त्याच्या पोराने, कॅराकॅलाने, २१५ मध्ये दोन दिनारियसचं म्हणून नवं नाणं काढलं, चांदी मात्र दीडाचीच. सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट दिसला की ते हेच. पुढे सम्राट गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांतली ही नाणी तर तांब्यावर नुसता चांदीचा हात फिरवलेली. ‘चांदीचा लॉट’ म्हटलं तरी भुलू नका. दिनारियसचं वजन फारच कमी असेल तर कडेचा फोटो मागवा, आत तांबं असू शकतं.

सध्या रोमन सेनानी मार्क अँटनीच्या लीजन नाण्यांच्या मागे आहे; लीजन म्हणजे रोमन सैन्याची तुकडी, तिचा आकडा नाण्यावर असतो. इ.स.पू. ३२-३१ची, हलक्या चांदीची, म्हणून लोकांनी ती साठवली नाहीत, खर्चत राहिले. लीजनचा आकडा पुसलेली कमी भावात सुटतात. मला नाण्यावरच्या होडीची वल्ही दिसली तरी चालतं.