पहिली रायफल: एअर रायफल की पॉइंट टू-टू?

नाशिकमध्ये नेमबाजी शिकू पाहणाऱ्याने शिकारीचा विचार आधीच बाजूला ठेवावा; चितळ, सांबर यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. उरते ती लक्ष्यावरची नेमबाजी.

४.५ मिलिमीटर नळीव्यासाची, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी रायफल, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याविना घेता येते, तर .२२ (पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाची, काडतुसावर चालणारी रायफल) साठी शस्त्रपरवाना लागतो. पण माझा कौल एअर रायफलकडे जातो तो केवळ एवढ्यासाठी नव्हे. तिचा छर्रा नळीतून तुलनेने सावकाश सरकतो. त्यामुळे घोडा दाबताना खांदा हलला किंवा गाल कुंद्यावरून (रायफलच्या मागच्या भागावरून) लवकर उचलला, तर ती चूक लक्ष्याच्या कागदावर लगेच उमटते. १० मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असल्यामुळे श्वास आणि बोट यांचा मेळ घालण्यावाचून गत्यंतर नसते.

.२२ चे आकर्षण मात्र खरे आहे. ५० मीटरवर वाऱ्याचा अंदाज घेऊन गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरण्याची गोडी वेगळीच. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी याच प्रकारात २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. तरीही काडतुसांचा खर्च आणि ५० मीटरच्या रेंजची गरज पाहता, .२२ प्रशिक्षकाच्या सल्ल्याने, एअर रायफलवर हात बसल्यानंतरच घ्यावी.