सात महिने पायथनमध्ये डब्यांचा हिशेब

लालबागला आमचा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. रोजचे चाळीसेक डबे, बरेचसे परळच्या ऑफिसांत जातात. हिशेब वहीत असायचा आणि महिनाअखेरीला दोन रात्री त्यातच जायच्या. भाच्याने लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा टाकून दिली, फुकटच मिळते. त्याला सात महिने झाले.

पहिला प्रोग्राम तीन ओळींचा. ‘दर’ या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा साठवायला दिलेल्या नावात, ९० ठेवले, ‘डबे’मध्ये इनपुट या आज्ञेने वापरणाऱ्याला विचारलेला आकडा, आणि दोन्हींचा गुणाकार प्रिंट. मराठी नावं पायथन ३ मध्ये चालतात, याचा मला फार आनंद झाला. मी २२ टाकलं. यायला हवे होते १९८०, पण स्क्रीनभर नुसते दोनच दोन पसरले. २२ हा आकडा नव्वद वेळा लिहून आला होता!

इनपुट जे आणतं तो कायम मजकूर असतो, म्हणजे स्ट्रिंग. तुम्ही आकडा टाइप केलात तरीही. आणि मजकुराला ९० ने गुणलं की पायथन तो ९० वेळा लिहितो, एरर देत नाही. मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा म्हणजे इंट; इनपुटला इंटच्या कंसात घातलं आणि १९८० आले. भाच्याच्या जुन्या वहीत इंट कुठेच नव्हतं, कारण ती वही पायथन २ ची. तिथलं इनपुट टाकलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवायचं, त्यामुळे २२ चा आपोआप आकडा व्हायचा. २००८ साली आलेल्या पायथन ३ ने ते बंद केलं आणि माझ्या मते चांगलंच केलं. टाइप करणाऱ्याला आपल्या प्रोग्राममध्ये हवं ते चालवू कशाला द्यायचं?

आमच्याकडे काहीजण अर्धा डबा घेतात. २२.५ टाकलं की इंट व्हॅल्यूएरर ही चूक दाखवून अडतं, तिथे अपूर्णांक चालणारं फ्लोट लागतं. ‘२२ डबे’ असं लिहिलं तर दोन्ही अडतात. म्हणून आता चूक आली तरी प्रोग्राम बंद पडू न देणारं ट्राय-एक्सेप्ट घालून, नीट आकडा येईपर्यंत पुन्हा विचारते. एकदा मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि सासऱ्यांनी देवनागरीत २२ टाकले. मला वाटलं, आता बंद पडणार. पण इंटला देवनागरी आकडेही कळतात, उत्तर इंग्रजी आकड्यांत आलं इतकंच. तेव्हापासून रोजची नोंद सासरेच करतात.

तक्रार एकच, पण मोठी. तिसऱ्या महिन्यात एका ऑफिसचं बिल शून्य आलं. तासभर शोधलं. सुरुवातीला ‘एकूण’ शून्य ठेवलं होतं आणि पुढे बेरीज मात्र ‘एकुण’मध्ये साठवत होते. ऱ्हस्व उकार पडला आणि पायथनने मुकाट्याने दुसरं व्हेरिएबल तयार केलं. न ठेवलेलं नाव वाचायला गेलात तर नेमएरर येतो, पण चुकीच्या नावात काही ठेवलंत तर तो अवाक्षर काढत नाही. नवशिक्यांना हे पहिल्याच धड्यात सांगायला हवं. इनपुटचं सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही.

प्रोग्राम बंद केला की व्हेरिएबलमधलं सगळं जातं, म्हणून रोजचे आकडे फाइलमध्ये लिहिते. बिलं आता अर्ध्या तासात होतात. तरी ‘एकूण’ लिहिताना मी प्रत्येक वेळी उकार तपासते.