उताऱ्यावर एकच नाव होतं

म्हापशात माझं हार्डवेअरचं लहान दुकान आहे. सिमेंटच्या गोणी, पाइप, पत्रे ठेवायला जागा पुरत नव्हती म्हणून गोदामापुरती जमीन बघत होतो. मोपचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातले भाव वर जायला लागले. आज घेतलं नाही तर पुन्हा परवडणार नाही, ही धास्ती मनात बसली होती. ओळखीतल्या एका दलालाने ती बरोबर हेरली.

धारगळच्या बाजूला ३०० चौरस मीटरचा तुकडा, कोपऱ्यात मोठी जांभळ. विकणारा पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याने पहिल्याच भेटीत फॉर्म एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा कागद) हातात दिला. कब्जेदाराच्या रकान्यात त्याचं एकट्याचं नाव, कूळ नाही, मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) नाही. "भाऊ, सगळं स्वच्छ आहे. माझी जमीन, माझी सही, तुम्हाला कोणाच्या दारात जायला नको," असं तो म्हणाला. घरी येऊन मी स्वतः सर्व्हे नंबर घालून ऑनलाइन उतारा काढला. तोही तसाच. मला वाटलं, तपास झाला.

मार्च २०२४ मध्ये नोटरीपुढे स्टॅम्प पेपरवर करार झाला. साडेतेरा लाखांचा व्यवहार, त्यातले तीन लाख बँकेतून दिले आणि दोन लाख रोख. रोखीचा करारात उल्लेख नाही, पावती नाही. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, हे मला नंतर समजलं. त्या दोन लाखांचा माझ्याकडे आज एकही पुरावा नाही.

मे महिन्यात कुंपणाचे खांब घेऊन गेलो, तर शेजारच्या घरातून एक बाई आल्या. विक्रेत्याची थोरली बहीण. त्यांनी मला पडवीत बसवलं, पाणी दिलं आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद आणले. वडिलांचा मृत्यूचा दाखला, पोर्तुगीज काळातल्या नोंदीची नक्कल, कडा पिवळ्या पडलेल्या. कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आमकां कोणेंच विचारूंक ना." तीन बहिणी, तिघींचेही नवरे हयात. वडील गेल्यावर भावाने मामलेदार कचेरीत फेरफार करून आपलं एकट्याचं नाव चढवून घेतलं होतं. बहिणींना पत्ता नव्हता.

इथेच मी पाच लाखांची चूक केली होती. एक-चौदाच्या नोंदीमुळे कोणी मालक ठरत नाही. ती नोंद खरी आहे असं कायदा गृहीत धरतो, पण उलट पुरावा आला की ती टिकत नाही. मालकी ठरते ती खरेदीखत, वारसाहक्काचा दस्त, दिवाणी न्यायालयातला इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा निवाडा यांवरून. उताऱ्यावर फेरफार क्रमांक असतो. त्या क्रमांकाची फाइल मामलेदार कचेरीतून काढून नाव कशाच्या आधारे चढलं हे बघायला हवं होतं. मी तो क्रमांक वाचलाही नव्हता.

आणि गोव्यात तर एका सहीने भागतच नाही. आपल्याकडे अजून पोर्तुगीज काळातला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार नोंदवलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी असते, वडिलांकडून आलेलीसुद्धा. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही, नवऱ्याशिवाय बायकोला येत नाही. लग्न झालेल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच. म्हणजे या जमिनीवर तो, त्याची बायको, तीन बहिणी आणि तीन मेव्हणे अशा आठ सह्या लागत होत्या. माझ्या करारावर एकच होती. त्याची बायको तर आम्ही करार वाचत असताना चहा देऊन आत गेली. तिला थांबवून "वहिनी, तुमची सही?" एवढं विचारलं असतं तर तिथेच सगळं उघड झालं असतं. शिवाय करार नोंदणीकृत नव्हता. नोंदणी केली असती तरी नुसत्या साठेखताने, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराने, जमिनीवर हक्क मिळत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने तीन लाखांचा धनादेश दिला, १२ ऑगस्ट २०२४ तारखेचा. १४ तारखेला तो न वटता परत आला. फोन केला तर "चवथ (गणेश चतुर्थी) जाऊ दे". चवथ गेली, "दसरा होऊ दे". मी भिडेखातर थांबलो. त्याला हेच हवं होतं, कारण धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर न वटलेल्या धनादेशाची कलम १३८ची तक्रार त्या मेमोवर उभी राहत नाही. दसऱ्यानंतर वकिलांकडे गेलो तेव्हा मुदत उलटून महिना झाला होता. वकिलांनी धनादेशावरची तारीख बघितली आणि म्हणाले, "तीन महिने पुरे व्हायचे आहेत. उद्याच पुन्हा बँकेत टाका." मुदतीत असलेला धनादेश पुन्हा भरता येतो. तो पुन्हा परत आला, नवा मेमो मिळाला, आठवड्याच्या आत रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस होते, ते गेले. त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची असते, ती केली.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "हा दिवाणी मामला आहे" असं सांगून घरी पाठवलं. पैसे घेताना बहिणींचा हक्क जाणूनबुजून लपवला, म्हणजे ही फसवणूक आहे, आणि पैसे जुलै २०२४ च्या आधी घेतल्यामुळे ती जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली येते. ठाण्यात नोंद घेत नसतील तर तीच तक्रार लेखी पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी अधीक्षकांना पाठवल्यावर जबाबाला बोलावणं आलं.

खटला चालू आहे. थोरल्या बहिणीने फेरफाराविरुद्ध अपील केलंय, तिच्या वतीने साक्ष द्यायला मी जाणार आहे. पण गेल्या पंधरवड्यात तोच दलाल मडगावच्या एका जोडप्याला घेऊन जमीन दाखवत होता, हे तिनेच फोन करून सांगितलं. ती त्यांच्याशी बोलायला बाहेर येईपर्यंत गाडी निघून गेली. ते कोण होते मला माहीत नाही. कोपऱ्यात जांभळ असलेला ३०० चौरस मीटरचा तुकडा तुम्हाला कोणी दाखवला असेल, तर पैसे द्यायच्या आधी शेजारच्या घरात जाऊन त्या बाईंना भेटा.