टोकाची धार बघून सही केली

आजूबाजूचे बहुतेक जण मोकाट पाणी सोडून ठिबकवर गेले, तेव्हा मीही घाई केली. पाणी कमी पडायला लागलं की माणूस फार प्रश्न विचारत नाही. बसवून देणाऱ्याला हे बरोबर ठाऊक होतं.

त्याने तोंडी सांगितलेलं असं : ड्रिपर (नळीतलं थेंब सोडणारं तोंड) प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी प्रत्येक झाडाला सारखंच पाणी. त्यामुळे 120 मीटरची ओळ एकाच नळीत बसेल, मध्ये सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या जाड पाइपचा, खर्च कशाला? मला तो माझे पैसे वाचवतोय असं वाटलं.

चाचणीच्या दिवशी त्याने मोजक्या 4 नळ्या चालू ठेवल्या आणि शेवटच्या टोकाची एंड कॅप, म्हणजे झाकण, काढून दाखवली. धार आली. 120 मीटरवर पाणी पोचलं! मी तिथेच काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. कॅप लावून सगळ्या नळ्या एकदम चालवून बघू, हे सुचलंच नाही. नळीचं तोंड उघडं असलं की धार येणारच. ड्रिपरमधून किती पडतं ते त्यावरून काहीच कळत नाही.

दोन महिन्यांत ओळीच्या सुरुवातीची रोपं तरारली, मधली बरी आणि टोकाची पिवळी. त्याला फोन केला, तर म्हणाला, पाण्यात क्षार आहेत, ॲसिड सोडा. सोडलं, काही फरक नाही. पडणारही नव्हता. ड्रिपर क्षारांनी चोंदतात तेव्हा कुठला चोंदेल याचा सहसा नेम नसतो. इथे पाणी सुरुवातीपासून टोकाकडे शिस्तीत कमी होत गेलेलं होतं. खोट नळीच्या लांबीत होती.

हिशोब नंतर मांडला. 30 सेंटिमीटरवर एक, म्हणजे 120 मीटरला 400 ड्रिपर. तासाला 4 लिटरचा एक, म्हणजे 1600 लिटर पाणी एकट्या 16 मिलीमीटरच्या नळीतून जायला हवं. एवढ्या अंतरात घर्षणानेच दाब संपतो. खरा प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर असता तरी त्यालाही काम करायला किमान दाब लागतोच.

आणि तो खराही नव्हता. नळीचा तुकडा कापून ड्रिपर ब्लेडने उघडला. आत मऊ रबरी पडदा असायला हवा, तोच दाबानुसार वाट लहानमोठी करतो. माझ्या ड्रिपरमध्ये नुसती प्लास्टिकची नागमोडी वाट. बिल काढून बघितलं तर त्यावर फक्त ‘इनलाइन नळी’, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेली नळी. ड्रिपरचा प्रकार नाही, प्रवाह नाही, नळीची जाडी नाही. भांडायला हातात कागदच नव्हता. ठिबकने 90 टक्क्यांपर्यंत पाणी मुळाशी जातं म्हणतात, ते नीट आखणी केलेल्या संचाचं. माझ्यासारख्याचं नव्हे.

तुम्ही घेत असाल तर सही करण्याआधी एवढं करा. सगळ्या नळ्या चालू, कॅपा बंद, आणि पहिल्या व शेवटच्या ड्रिपरखाली 15 मिनिटं भांडं ठेवा. 4 लिटरच्या ड्रिपरने 1 लिटर भरायला हवं. माझ्याकडे ओळीच्या सुरुवातीला लिटरभर भरलं, टोकाला जेमतेम 300 मिली. पाणी शेततळ्याचं असेल तर शेवाळासाठी सँड फिल्टर (वाळूचा) आहे का बघा (मला नुसता जाळीचा दिला होता), आणि फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाब दाखवणारे प्रेशर गेज मागा. दोन्हींतला फरक वाढत गेला की फिल्टर तुंबला.

शेवटी पदरमोड करून ओळीच्या मधोमध नवीन सबमेन टाकली, नळ्या 60-60 मीटरच्या केल्या. आता टोकाला 15 मिनिटांत 800 मिलीच्या आसपास पडतं. नळ्यांतून एकूण पाणी जास्त जात असल्याने मोटर एका दमात सगळं रान ओढत नाही, दोन पाळ्या कराव्या लागतात. टोकाकडची पिवळी रोपं मात्र उपटूनच टाकावी लागली.