तिथे कुणालाच नकार मिळत नव्हता : गुडघ्याच्या 'कूर्चा इंजेक्शन'चे ३,०६,००० रुपये

तपासणी फी १,५००. रक्ताच्या तपासण्या आणि एमआरआय १६,८००. दोन्ही गुडघ्यांचं 'पॅकेज' २,४०,०००. नंतर 'बूस्टर'चे ३६,०००. पट्टे आणि कॅप्सूल ११,७००. एकूण तीन लाख सहा हजार रुपये. प्रत्येक पावती माझ्याकडे जपून ठेवलेली आहे, आणि माझ्या आईच्या गुडघ्यात नेमकं काय टोचलं त्याचं नाव त्यातल्या एकाही पावतीवर नाही.

ऑपरेशनशिवाय गुडघे बरे करतो म्हणणारी अशी केंद्रं कशी चालतात ते बहुतेकांना माहीत असतं. मोफत शिबिर, चालायला लागलेल्या पेशंटचे व्हिडिओ, 'आजच बुकिंग केलंत तर सवलत'. आमच्या बाबतीतही हे सगळं झालं, त्यावर शब्द घालवत नाही. मला बोलायचंय ते पेशंट निवडण्याबद्दल. गुडघ्यातली गादी, म्हणजेच कूर्चा, भरून काढायचे खरे उपचार आहेत, पण ते मोजक्याच गुडघ्यांना लागू पडतात. म्हणून ते करणारा प्रामाणिक डॉक्टर आधी 'नाही' म्हणायची कारणं शोधतो. या केंद्रात मी एकालाही 'नाही' ऐकून परत जाताना पाहिलं नाही.

आई ६७ वर्षांची. आमच्या नेहमीच्या हाडांच्या डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला होता आणि कागदावर स्वच्छ लिहिलं होतं : दोन्ही गुडघे, ग्रेड ४. म्हणजे गादी संपलेली, हाडाला हाड लागतंय, सांधा बदलणं हाच मार्ग. आईच्या सख्ख्या बहिणीला सांधाबदलानंतर जंतुसंसर्ग झाला होता, त्यामुळे ऑपरेशनचं नाव काढलं की आई जेवण सोडायची. अशा घरात कुणी 'चिरफाड नाही, फक्त इंजेक्शन' म्हटलं तर माणूस ऐकून घेणारच. आम्हाला मूर्ख म्हणणाऱ्यांनी रात्री दोन वाजता कण्हणारं माणूस शेजारच्या खोलीत ठेवून बघावं.

केंद्रात पहिली भेट डॉक्टरांशी नव्हतीच, काउन्सेलरशी होती. एक्स-रे अजून पाकिटातच होता तेव्हा ती म्हणाली, "काकू, तुम्ही तर अगदी सूटेबल कँडिडेट आहात." मग 'पात्रता तपासणी' नावाचा फॉर्म भरून घेतला. जिना चढताना दुखतं का? मांडी घालता येते का? शस्त्रक्रिया टाळायची इच्छा आहे का? वजन विचारलं नाही. पाय किती वाकलेत ते पाहिलं नाही. आमवात आहे का, पूर्वी लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारा पट्टा) तुटलंय का, काही नाही. शस्त्रक्रिया टाळायची इच्छा कुणाला नसते? तीच पात्रता, आणि दुसरी पात्रता म्हणजे पैसे भरायची तयारी.

बाहेर बाकावर आमच्या शेजारी एक बाई होत्या. बोटं वाकडी झालेली, आमवाताच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू. त्याही सूटेबल. एका आजोबांचे दोन्ही पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकलेले, तेही सूटेबल. खेळताना गुडघा दुखावलेला एक विशीतला मुलगा होता. आज मला वाटतं, त्या गर्दीत या उपचाराचा निदान विचार व्हावा असा तो एकटाच असेल. त्यालाही तेच पॅकेज सांगितलं.

नंतर एका सर्जननी मला कागदावर काढून समजावलं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती स्वतःहून नीट भरत नाही. खऱ्या उपचारात दुर्बिणीतून निरोगी कूर्चेचा छोटा तुकडा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे त्यातल्या पेशी वाढवतात आणि मग दुसऱ्या वेळी त्या खराब जागी बसवतात. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ साली अशा २३ पेशंटचे निकाल प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत जगाला माहीत आहे. आता पेशी जेलमधून सोडायच्या पद्धतीही आल्या आहेत, पण नळीतून जेल सोडलं म्हणून ते ओपीडीतलं इंजेक्शन होत नाही. आधी जागा साफ करावी लागते, नंतर कुबड्या आणि व्यायाम. हे करायचं कुणाला? ज्याची कूर्चा एखाद्याच जागी, बहुधा दुखापतीनं, उडाली आहे आणि आजूबाजूची चांगली आहे. वय शक्यतो पन्नाशीच्या आतबाहेर. पाय सरळ, लिगामेंट शाबूत, मेनिस्कस (दोन हाडांमधली चकती) जागेवर, समोरच्या हाडावरची कूर्चा धड, वजन आटोक्यात, आमवात नाही. पाय वाकडा असेल तर आधी तो सरळ करायचा, नाहीतर नवी कूर्चा त्याच भाराखाली पुन्हा झिजते. ते म्हणाले, "खड्डा बुजवता येतो हो, पण अख्खा रस्ताच वाहून गेला असेल तर डांबर कुठे ओतणार?" आईच्या गुडघ्यात रस्ताच उरलेला नव्हता, आणि हे एक्स-रे पाहून कुठलाही हाडांचा डॉक्टर दहा सेकंदांत सांगू शकतो. त्या केंद्रातल्यांनाही ते कळत होतं. हे अज्ञान नव्हतं.

केंद्रात आम्हाला सांगितलं होतं, "तुमच्याच पेशी वाढवून, स्टेम सेलसारखंच." स्टेम सेल म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी. प्रत्यक्षात आईच्या दंडातून रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं आणि तासाभरात दोन्ही गुडघ्यांत टोचलं. याला पीआरपी म्हणतात, रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या काढून दिलेलं इंजेक्शन. कूर्चेच्या पेशी रक्तात नसतात. दंडातल्या रक्तातून तासाभरात कूर्चा कुणीही बनवत नाही. तुम्हाला 'पेशी' सांगून कुणी रक्त काढायला घेतलं तर तिथल्या तिथे उठा, बुकिंगचे पैसे बुडाले तरी बुडू द्या. पीआरपीचंही काय? ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाइनचं पाणी. वर्षभरानं दुखण्यात किंवा कूर्चेच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, आणि ते लोक सौम्य ते मध्यम झिजेचे होते, आईसारखे चौथ्या ग्रेडचे नव्हते. दुखणं मात्र पाणी टोचलेल्यांचंही कमी झालं होतं. म्हणून आईला सुरुवातीला बरं वाटलं ते खोटं नव्हतं, आणि त्याच बरं वाटण्यावर त्यांनी पुढची पावती फाडली.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून हात थरथरतात. 'प्रगती' दाखवायला पुन्हा एक्स-रे काढला. आईला टेबलावर झोपवलं. मी तिथेच उभी होते. पहिला एक्स-रे उभ्यानं काढला होता, हा आडवा झोपवून. उभं राहिलं की शरीराचा भार सांध्यावर येतो आणि उरलीसुरली फट मिटते. झोपलं की भार जातो आणि फट मोठी दिसते. गुडघा तोच, गादी तीच. दोन फिल्म शेजारी शेजारी लावून डॉक्टर म्हणाले, "बघा आजी, गॅप वाढला. आता एक बूस्टर, की काम झालं." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ३६,००० भरले. तिला झोपवताना माझ्या मनात आलं होतं की मागच्या वेळी उभं केलं होतं, पण तो एक्स-रे दुसऱ्या दवाखान्यातला, त्यांची पद्धत वेगळी असेल, असंच कुणालाही वाटेल. भिंतीवर पदव्या टांगलेल्या, समोर अंगात पांढरा कोट. तिथे सामान्य माणसानं फिल्मच्या कोपऱ्यात काय शोधायचं? तरी आता सांगते : दोन्ही एक्स-रे उभ्यानंच काढलेले हवेत. ते आडवं झोपवायला लागले तर मोठ्यानं विचारा, का?

बूस्टरनंतर महिन्याभरात आई पुन्हा काठीवर आली.

मग कार्यालयं. पोलीस चौकीत आधी "हा दिवाणी मामला" आणि मग "डॉक्टरवर थेट गुन्हा नोंदवता येत नाही". २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला. तो निकाल निष्काळजीपणाबद्दल आहे, आणि तोही तज्ज्ञाचं मत घ्या म्हणतो, तक्रारदाराला हाकलून द्या म्हणत नाही. माझी तक्रार तर निष्काळजीपणाची नव्हतीच. खोटं सांगून पैसे घेतल्याची होती. हे तीन वेगवेगळ्या माणसांना समजावलं, तिघांनी वेगवेगळ्या खोलीत पाठवलं. डॉक्टरांच्या नोंदणीचं कार्यालय म्हणालं, प्रतिज्ञापत्र आणा, प्रती आणा, आणि मग विचारलं, "पेशंटला इजा झाली का?" इजा नाही, म्हणजे घाई नाही. औषध खात्यानं सांगितलं, रक्त पेशंटचंच, औषध कुठे आहे? मी स्टेम सेलबद्दल बोलले, तर "लेखी आहे का?" लेखी कसं असेल! लेखी द्यायचं नाही हाच तर त्यांचा धंदा. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की मान्यता मिळालेले वापर सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. गुडघ्याच्या झिजेसाठी देशात मान्यता मिळालेलं स्टेम सेलचं औषध आहे, तेही दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडसाठी. हे सगळं छापून नेलं. टेबलापलीकडच्या माणसानं कागद उलटून मागे कोरा आहे का ते पाहिलं आणि त्यावर आवक क्रमांक लिहिला.

सगळ्यात जास्त संताप विमा कंपनीच्या पत्रानं आला. दावा फेटाळला, कारण 'अप्रमाणित उपचार'. पैसे देताना विमा कंपनीला बरोबर कळतं की हे अप्रमाणित आहे. मग तेच भर रस्त्यात बोर्ड लावून विकू कसं दिलं जातं? यावर कुणाकडेही उत्तर नाही, कारण प्रश्न कुणाचाच नाही. जाण्याआधी तुमच्या विमा कंपनीला लेखी विचारा, हा उपचार मान्य आहे का. त्यांचं 'नाही' फुकट मिळतं.

कागदपत्रं मागितली तर आधी टाळाटाळ, मग "सिस्टिम बंद आहे". लक्षात ठेवा, पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बंधनकारक आहे. तोंडी मागू नका, रजिस्टर पोस्टानं मागा. आम्हाला मिळाल्या त्या नोंदींत उपचाराचं नाव होतं 'वेलनेस थेरपी', आणि संमतिपत्र इंग्रजीत, आईची सही मराठीत. 'पात्रता तपासणी'चा फॉर्म त्यात नव्हता. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला होता, भाऊ गावी होता त्याला दाखवायला, म्हणून आज तो पुरावा आहे. प्रत्येक कागदाचा फोटो काढा, त्यांना आवडो न आवडो.

आईला घाबरवताना केंद्रातले म्हणाले होते की सांधा बदलायला एका पायाचे पाच लाख लागतील. सरकारनं २०१७ मध्येच कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये आणि वर कर अशी ठरवली होती. हॉस्पिटलचा खर्च वेगळा, तरी आमच्या ३,०६,००० मधून एक गुडघा कदाचित होऊन गेला असता. आता आईची तयारी झाली, तर सर्जन म्हणतात, नुकतंच सांध्यात टोचलंय, जंतुसंसर्गाचा धोका नको, तीन महिने थांबा. ज्या भीतीपोटी तिनं ऑपरेशन टाळलं, तीच भीती त्यांनी वाढवून ठेवली.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, ऑनलाइन. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेसाठी फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुमच्या घरात कुणी अशाच केंद्रात पैसे भरले असतील तर मुदत दोन वर्षांची आहे. ती पहिल्या इंजेक्शनपासूनच धरून चला, 'अजून एक बूस्टर घेऊन बघू' म्हणत घालवू नका.