साडेतीनशेच्या केसिंगवर आयफोनचा बॅकअप : सात महिने वापरून

मागच्या रविवारी बॅकअप फेल गेला नसता तर हे लिहायला बसलोच नसतो. चालू गाडीची कोण तारीफ लिहितो!

आधी थोडं मागचं. बायकोचा आयफोन 128 जीबीचा, माझा लॅपटॉप जुना आणि त्यात साठवणीची एसएसडी 256 जीबीची. आयफोन लॅपटॉपला जोडायचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर म्हणजे आयट्यून्स, त्याचा बॅकअप गपचूप सी ड्राइव्हवर जाऊन बसतो. तो 84 जीबीचा झाला तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, सी ड्राइव्ह लाल व्हायलाय." अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीत, आयक्लाउडवर, फुकट मिळतात 5 जीबी. 50 जीबीत आमचं मावत नाही आणि 200 जीबीला महिना 219 रुपये, म्हणजे वर्षाला 2628. तेवढ्यात परभणीहून पुण्याला कितीदा जाऊन येता येईल याचा हिशोब मांडला आणि तो नाद सोडला.

माझ्याकडं मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेली 500 जीबीची हार्ड डिस्क पडून होती. साडेतीनशेचं केसिंग, म्हणजे डिस्क बाहेरून यूएसबीनं लावायचा डबा आणला, डिस्क आत सरकवली, झालं. अडचण एकच. आयट्यून्स विंडोजवर 2003 पासून आहे, पण बॅकअप कुठं ठेवायचा हे विचारणारं बटण त्यात आजही नाही. म्हणून जुगाड करावा लागतो : बॅकअपचं फोल्डर उचलून डिस्कवर न्यायचं आणि सी ड्राइव्हवर त्याच जागी एमकेलिंक स्लॅश जे या कमांडनं नुसती पाटी ठोकायची. आयट्यून्सला वाटतं माल इथंच आहे, माल असतो डिस्कवर. जुनं फोल्डर त्या जागी राहिलं तर कमांड चालतच नाही. माझे दोन तास मात्र फोल्डर शोधण्यातच गेले. सगळे अ‍ॅपडेटा या विंडोजच्या लपलेल्या फोल्डरात बघायला सांगतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेलं आयट्यून्स ते यूजरच्या फोल्डरात, अ‍ॅपलच्या आत मोबाइलसिंकमध्ये ठेवतं, हे फार उशिरा कळलं.

पहिले चार-पाच महिने लई सुखाचे गेले. पहिल्या बॅकअपला रात्र गेली, नंतर फक्त बदललेलं तेवढंच जातं, पंधरा-वीस मिनिटांत काम. लाइट गेली की मात्र बोंब, कारण माझ्या लॅपटॉपची बॅटरी शोभेची आहे आणि बॅकअप अर्ध्यात तुटतो. दोष आमच्या फिडरचा, डिस्कचा नाही.

दिवाळीत तर या डिस्कला ओवाळावं असं वाटलं. बायको गच्चीवर टाकीत पाणी किती आहे ते बघायला वाकली आणि फोन सरळ आत. दुसऱ्या फोनवर रिस्टोअर मारला. फोटो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा, कॉलची यादी, सगळं परत आलं. बॅकअप एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डनं कुलूप लावून ठेवला होता म्हणून वायफायचे आणि बाकीचे पासवर्डसुद्धा आले. यूपीआय तेवढं सिम टाकून नव्यानं चालू करावं लागलं. त्या दिवशी मी चार स्टार देणार होतो.

आता रविवारचं. पुतण्यानं आधी त्याचा पेनड्राइव्ह खोसला, मग मी डिस्क लावली. एरवी डिस्कला विंडोजकडून सी ड्राइव्हसारखं ई अक्षर मिळायचं, ते पेनड्राइव्हनं पटकावलं आणि डिस्क एफ झाली. पाटीवर पत्ता ईचाच! आयट्यून्स म्हणे, बॅकअप करता आला नाही. कारण सांगायची पद्धत नाही. मी केबल बदलली. मग लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. तिथल्या मुलानं डिस्ककडं बघितलंसुद्धा नाही, "एसएसडी मोठी टाका, साडेपाच हजार." साडेतीनशेच्या केसिंगचा रोग साडेपाच हजारांनी बरा करणारा डॉक्टर! जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगीच नाही.

घरी येऊन पाटी एफच्या पत्त्यावर बदलली. जुनी पाटी काढताना हात थरथरले, पण आरएमडीआयआर ही फोल्डर काढायची कमांड नुसती दिली तर फक्त पाटी निघते, माल शाबूत राहतो. बॅकअप झाला. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह नव्हता, डिस्क परत ई आणि बॅकअप परत फेल. एका अक्षरापायी दोन दिवस! इथं मी दोन स्टारवर उतरलो होतो.

इलाज फुकटचा निघाला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर घ्यायचं आणि लांबचं अक्षर द्यायचं. विंडोज अक्षरं पुढून वाटत येतं, मागच्यांना सहसा कोणी हात लावत नाही. मी पी दिलं, परभणीचा. मग पाटी शेवटची एकदा बदलली. त्यानंतर पुतण्याला मुद्दाम दोन पेनड्राइव्ह खोसायला लावले, तरी पी जागचा हलला नाही.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. डिस्क उघडून फोटो बघू म्हणाल तर आत 00 पासून एफएफपर्यंत फोल्डरं आणि त्यात चाळीस-चाळीस अक्षरांच्या नावांच्या फायली. वडिलांचा एक फोटो पाहिजे होता, तो असा सापडत नाही. फोटो वेगळे कॉपी करून ठेवतोय आता.

तीन स्टार. केसिंगची पिन सैल व्हायलीय, सध्या रबर बांधून चालवतोय. नवी केबल दीडशेला सांगितली, शंभराला देतो का बघतो.