तयार क्रॉलर, किट की जुळवलेला ट्रक? सोलापुरात बसून ठरवताना

दगडधोंड्यांवरून सावकाश चढणारा आरसी (रिमोटवर चालणारा छोटा) ट्रक, म्हणजे क्रॉलर, घ्यायचा तर आज तीन वाटा आहेत. पहिली, खोक्यातून काढून बॅटरी लावली की चालणारी तयार गाडी. दुसरी, सुट्या भागांचं किट मागवून स्वतः जोडलेली गाडी. तिसऱ्या वाटेत ॲक्सल एका कंपनीचे, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा, चॅसिस आणि बॉडी आपल्या हातची, अशी गाडी जुळवत न्यायची. सोलापुरात या छंदाचा जवळजवळ सगळा माल कुरिअरने येतो. त्याच वेळी लेथ, पत्रा, पितळ आणि हाताने काम करणारा फिटर हाकेच्या अंतरावर असतात. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या माणसाला दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

माझं मत आधीच सांगतो. ॲक्सल आणि गिअरबॉक्स चांगल्या कंपनीचे विकत घ्या, तिथे पैसे वाचवू नका. त्याच्या वरचं जे जे जमेल ते इथे करून घ्या.

तयार गाडी

दोन गाड्यांची नावं सतत कानावर येतात: ट्रॅक्ससची टीआरएक्स-४, जी २०१७ साली आली, आणि ॲक्सियलची एससीएक्स१० थ्री, जी २०२० ची. टीआरएक्स-४ ला आणि एससीएक्स१० थ्रीच्या बऱ्याच मॉडेलना पोर्टल ॲक्सल आहेत. यात प्रत्येक चाकाजवळ आणखी एक गिअरची जोडी असते, त्यामुळे ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते आणि मधला डिफचा (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा दगडाला अडत नाही. दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही. वेग कमी होऊन ताकद वाढण्याचं शेवटचं काम चाकापाशी होत असल्याने मधल्या शाफ्टवर पीळ कमी येतो. खड्या चढावर ॲक्सिलेटर दिला की गाडी एका अंगावर कलते, ते कलणं पोर्टलमध्ये बरंच कमी असतं. टीआरएक्स-४ मध्ये पुढचा आणि मागचा डिफ रिमोटवरून लॉक करता येतो (मग दोन्ही चाकं एकत्रच फिरतात), शिवाय दोन गिअर आहेत.

किंमत अमेरिकेतच ५०० डॉलरच्या आसपास. त्यावर वाहतूक आणि कस्टम ड्युटी धरली की इथे हातात पडेपर्यंत आकडा बराच वर गेलेला असतो. बॅटरी आणि चार्जर बहुधा त्यातही नसतात, हे मागवण्याआधी नीट वाचून घ्या.

याच वाटेवर स्वस्त टोकाला डब्ल्यूपीएल आणि एमएन या चिनी गाड्या आहेत, एकास सोळा किंवा एकास बारा मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या सोळाव्या किंवा बाराव्या हिश्शाइतक्या. चार आकडी रकमेत चालती गाडी मिळते. मुलाला किंवा स्वतःला हा नाद खरंच लागतो का, हे पाहायला त्या चांगल्या. मात्र त्यांत रिसीव्हर (रिमोटचा इशारा पकडणारा भाग) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) बहुतेक एकाच पाटीवर असतात. एक गेलं की दोन्ही जातं आणि नेहमीचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) थेट बसत नाही. बरेच जण अशा गाडीवर धातूचे गिअर, नवी मोटर, नवा रिमोट चढवत जातात. त्या खर्चात मोठ्या मापाचं चांगलं ॲक्सल आलं असतं. म्हणून डब्ल्यूपीएल घेतली तर आहे तशी चालवा, मोडेपर्यंत मजा घ्या आणि तिच्यावर इमला बांधू नका.

रविवारी दोन तास मोकळे मिळतात, हातात स्क्रू-ड्रायव्हर धरायची फारशी आवड नाही, पण चालवण्यात जीव रमतो, असं असेल तर चांगली तयार गाडी घ्या. पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही.

किट

किटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नसतं, हे पहिल्यांदा घेणाऱ्याच्या उशिरा लक्षात येतं. मोटर, ईएससी, सर्व्हो, रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं वेगळं. तेव्हा किटची किंमत आणि तयार गाडीची किंमत शेजारी मांडून तुलना करू नका, हिशेब चुकतो.

मग किट घ्यायचं कशासाठी? सोलापूरच्या धुळीसाठी. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीसला चिकटते आणि घासत राहते. गाडी इथे अधूनमधून पूर्ण खोलावीच लागते. जी तुम्ही स्वतः जोडली ती डोळे मिटून खोलता. तयार गाडीचा मालक पहिल्या खोलण्यालाच घाबरतो. जोडताना दोन गोष्टी पाळा. धातूत जाणाऱ्या प्रत्येक धातूच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, आणि प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला कधीही लावू नका, प्लॅस्टिक तडकतं.

दिसण्यात खरेपणा हवा असेल तर आरसी-फोर-डब्ल्यूडीचं ट्रेल फाइंडर टू पाहा. धातूची शिडीसारखी चॅसिस, चारही बाजूंना खरे पाटे. पाट्याची गाडी लिंक (जोडदांडे) आणि कॉइल (गोल स्प्रिंग) असलेल्या गाडीइतकी वाकत नाही आणि अवघड दगडावर मागे पडते. पण रस्त्याकडेच्या मुरमावरून ती ज्या ढंगाने डुलत जाते, ते पाहताना गाडी लहान आहे हे विसरायला होतं. चढण्याची ताकद हवी असेल तर व्हँक्विशचं व्हीएस४-१० किंवा एलिमेंटचं एंड्युरो या बाजूला झुका.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी साधा संच पुरतो: ५४० आकाराची ब्रश मोटर, ३५ ते ५५ टर्नची. टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे, ते जितके जास्त तितकी मोटर सावकाश आणि मवाळ. ईएससी हॉबीविंगचा क्विकरन १०८०, कारण त्यात ड्रॅग ब्रेक कमी-जास्त करता येतो. बोट काढलं की गाडी उतारावर जागीच थांबली पाहिजे, क्रॉलरमध्ये ही चैन नसून गरज आहे. सर्व्हो २० ते २५ किलो ताकदीचा. टायर दोन दगडांत अडकल्यावर कमजोर सर्व्हो आधी जळतो.

जुळवलेला ट्रक

ही माझ्या जिव्हाळ्याची बाजू आहे. डिफेंडर, रँग्लर, हायलक्स यांच्या बॉड्या हव्या तितक्या मिळतात. पण आपल्या डोळ्यांसमोरून रोज जाणारी गाडी कुठली? सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या लादून उभी असलेली बोलेरो पिकअप, सांगोल्याहून डाळिंब घेऊन येणारी, मागचे पाटे जवळजवळ सपाट झालेली. तिची चांगली तयार बॉडी माझ्या पाहण्यात नाही. ती हवी तर बांधावी लागते, आणि बांधायला हे शहर चांगलं आहे.

सुरुवात मापापासून करा, बॉडीपासून नको. एकास दहा हे या छंदात गटाचं नाव आहे, त्यावर काटेकोर विसंबू नका. एससीएक्स१० च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३१३ मिमी, टीआरएक्स-४ डिफेंडरचं ३२४. खऱ्या डिफेंडर ११० चं अंतर २७९४ मिमी. म्हणजे ती गाडी प्रत्यक्षात एकास साडेआठच्या जवळ जाते. आता आपल्या गाड्या पाहा. साध्या बोलेरोचं अंतर २६८० मिमी, एकास दहाला २६८. २०२० च्या थारचं २४५० मिमी, म्हणजे २४५. जुन्या महिंद्रा सीजे-३बी जीपचं २०३२, म्हणजे जेमतेम २०३. नेहमीच्या ३१३ च्या चॅसिसवर एकास दहाची जीप ठेवली तर पुढची चाकं बंपरबाहेर जातील.

दोन उपाय आहेत. चॅसिस आखूड करायची, किंवा बॉडी मोठी करायची. मी दुसरा उपाय निवडेन. साध्या बोलेरोचंच उदाहरण घेऊ: ३१३ मिमी कायम ठेवलं तर माप एकास ८.५६ येतं. गाडीची खरी रुंदी १७४५ मिमी, म्हणजे बॉडी २०४ मिमी रुंद. खरा टायर २१५/७५ आर१५, व्यास सुमारे ७०३ मिमी, तो ८२ मिमी येतो. नेहमीचे १.९ इंची रिमवरचे क्रॉलर टायर १०५ ते १२० मिमीचे असतात. ते लावले की बोलेरोची शेतातली मेहनती गाडी न राहता जत्रेतली गाडी होते. १.५५ इंची रिमचे टायर या मापाच्या बरेच जवळ जातात. पोर्टल ॲक्सलचा मोह इथे सोडावा लागतो, कारण टीआरएक्स-४ ची टायरसकट रुंदी २४९ मिमी आहे, चाकं दोन्हीकडून दोन-दोन सेंटीमीटर बाहेर डोकावतील. पाट्यांवर बसणारे अरुंद, साधे ॲक्सल या गाडीला शोभतात. पिकअपच करायची तर चालकाला विचारून प्रत्यक्ष गाडीला टेप लावा: चाकांमधलं अंतर, केबिनची उंची, हौद्याची लांबी, फाळक्याची जाडी. भाग द्यायला नंतर वेळच वेळ आहे.

आता बॉडी कशाची? पत्रा हाताशी असल्याने पहिलं मन तिकडे जातं. पण एक मिमी लोखंडी पत्र्याचा एक चौरस फूट सुमारे ७३० ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा २५०. बॉडीला तीन चौरस फूट लागले तर लोखंडात सव्वादोन किलो झाले, आणि अख्खा क्रॉलरच तीन किलोच्या आसपास असतो. इतकं वजन वर गेलं की आडव्या उतारावर गाडी उलटलीच समजा. चॅसिस आणि बंपर धातूचे ठेवा, वरची बॉडी हलकी ठेवा. फ्लेक्स आणि नेमप्लेटवाल्यांकडे मिळणारा तीन मिमीचा सनबोर्ड यासाठी उत्तम: ब्लेडने कापला जातो, पॉलिश पेपरने घासला जातो, फेव्हिक्विकने चिकटतो. त्यावर पातळ पुट्टी आणि स्प्रे. हौद्याच्या पट्ट्या तेवढ्या ॲल्युमिनियमच्या करा, गोण्यांनी घासून आलेला चकाकता धातू रंगवून येत नाही.

थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर साहित्य विचारून घ्या. पीएलए स्वस्त आणि देखणं, पण ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद गाडीत ठेवलेलं बोनेट संध्याकाळी वाकलेलं मिळेल. पीईटीजी ८० पर्यंत आणि एबीएस १०० पर्यंत तग धरतं. ग्रिल, आरसे, दिव्यांच्या चौकटी एबीएसमध्ये करून घ्या.

मग लेथचं काम. यंत्रमागाचे सुटे भाग घडवणारे कारागीर इथे पिढ्यांपासून आहेत, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनवते. धातूची समज या शहराच्या हातात आहे. लिंक, स्पेसर, चाकांच्या आत बसणाऱ्या पितळी वजनाच्या रिंगा, सर्व्होची बैठक, हे सगळं सहज होतं. पितळ चाकात आणि ॲक्सलवर घाला, एकूण वजनाचा ५५ ते ६० टक्के भाग पुढे ठेवा, चढावर नाक उचलणं थांबेल. काम देताना मात्र नुसतं तोंडी सांगू नका. कागदावर आकृती, मिमीत मापं, आणि एक नमुना बोल्ट सोबत न्या. “मामा, यात एम-थ्री आटे पाडायचेत” एवढं सांगून नमुना ठेवला की काम चोख होतं.

गिअर मात्र लेथवर करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. ॲक्सलमधली क्राऊन-पिनियन (मोठ्या-लहान गिअरची जोडी) इतकी लहान, वक्र दातांची आणि कडक केलेली असते की तिला खास यंत्र आणि उष्णतेची प्रक्रिया लागते. मऊ लोखंडाची पिनियन पहिल्या दगडात दात गमावते. मोटरच्या पिनियनचं मापही पाहून घ्या. पिच आणि मॉड्यूल ही दातांच्या मापाची नावं; ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल इतके जवळ आहेत की लोक एकमेकांवर चालवतात, पण ४८ पिच त्यात अजिबात बसत नाही.

खर्चात हा मार्ग स्वस्त पडतो, असं समजू नका. तो तुकड्यातुकड्यांनी होतो म्हणून हलका वाटतो, इतकंच. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आल्यापासून चीनमधून एकेक सुटा भाग मागवायची सोपी वाट बंद झाली आहे, आणि देशातल्या विक्रेत्यांकडे कधी ॲक्सल असतं तर शाफ्ट नसतो. वाट पाहायची तयारी असणाऱ्याचाच हा मार्ग.

चालवणार कुठे

हिप्परगा तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं, तेव्हा उघडी पडणारी भेगाळलेली जमीन आणि शहराबाहेरचा मुरमाड माळ एवढं पुरेसं आहे. आपला काळा दगड खरखरीत, त्यावर मऊ रबराचा टायर छान पकडतो. पावसाळ्यात काळ्या मातीपासून लांब राहा. ती टायरच्या नक्षीत भरते, चाक गुळगुळीत होतं आणि वजन वाढून मोटर तापते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे गाडी नेऊ नका, रान कितीही मोहक दिसलं तरी.

बॅटरी तिन्ही वाटांना सारखीच लागते: टू-सेल लायपो (लिथियम-पॉलिमर), ७.४ व्होल्ट. घरी ठेवताना दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरलेली दिवसेंदिवस पडू देऊ नका, आणि उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत तर कधीच नाही. लिथियम बॅटरी बऱ्याचदा विमानाने न येता रस्त्याने येते, म्हणून बाकी मालाच्या आधी ती मागवा. तिच्याच ऑर्डरमध्ये ॲक्सलच्या बेअरिंगचा एक जादा संच आणि दोन पिनियन टाका.